लाल चिंधीचा डबा

डहाणू रोड
१० जानेवारी २०१८

लते,

गाडी पोचली. जानीच्या टेम्पोतून काल दुपारी उतरवली तेव्हा गल्लीतली चार माणसं बघायला जमली आणि चौघांनीही आपापल्या ओळखीच्या भंगारवाल्याचा नंबर दिला. तू श्रुतिकेला फोनवर म्हणालीस म्हणे, दादाची साठी बुद्धी नाठी. साठी उलटून सात वर्षं झाली, नाठायची ती कधीच नाठून गेली.

आता हे पत्राचं खूळ कशासाठी, ते सांगतो. घशाच्या ऑपरेशनात डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून घेतली. फोनवर नुसती हवा फुंकून काय उपयोग? मोबाइलवर टाइप करायला गेलो तर माझं बोट एकदम दोन अक्षरं दाबतं, रेल्वेच्या सिग्नलच्या तारा ओढून जाड झालेली बोटं ही. गेल्या महिन्यात तू आलीस तेव्हा मी पाटीवर लिहीत होतो आणि तू रडत होतीस. त्यापेक्षा पत्र बरं. डहाणूहून तलासरीला पोस्टखातं चार दिवस घेतं, तेवढ्यात लिहिलेलं निवतं तरी.

गाडीची अवस्था वाईट आहे. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, टाकीत गंजाचा चिखल, इंजिन तर दगडासारखं जाम. पण साचा शाबूत आहे. त्र्याऐंशी साली ललितने आणि मी अर्धे-अर्धे घालून घेतलेली येझदी. सोमवार ते शनिवार तुझ्या नवऱ्याकडे, ग्रामसेवक म्हणून पाडे फिरायला, आणि रविवारी माझ्याकडे. औषधांनंतर पेन्शनीतलं जे उरेल तेवढ्यातच हे काम करायचं ठरवलंय. दुरुस्त होईल ते दुरुस्त करीन, होणार नाही ते वापीच्या भंगारबाजारात शोधीन.

तुझी वहिनी गेल्यापासून घर गप्प होतं, आता मीही गप्प झालो. ही गाडी चालू झाली तर घरात कोणीतरी बोलेल.

तुझा
दादा


तलासरी
१८ जानेवारी २०१८

दादा,

गाडी गेली ते बरं झालं, मागच्या पडवीत आता लाकडं रचली आहेत.

तुला वाटतंय मी ती जपून ठेवली होती. तसं नाही. पोलिसांनी परत दिली तेव्हा मी ती मुद्दाम पागोळ्यांखाली उभी करवली. मला तिला गंजताना बघायचं होतं. शाळेतून आले की आधी तिच्याकडे बघायची, मग चहा टाकायची.

तू त्याचा मित्र, तुला राग येईल. पण मी काय विसरू? माणूस जत्रेच्या बंदोबस्ताला म्हणून विवळवेढ्याला गेला, तिथे ताडी प्यायला आणि येताना हायवेवर सरळ रस्त्यात पडून मेला. पुढे गाडी नाही, मागे गाडी नाही, कपड्यांना ताडीचा वास. पंचनाम्यात हेच लिहिलंय. घरी तीन वर्षांची पोर आहे हे त्याला दुसरा ग्लास घेताना आठवलं नाही. म्हणून त्याचा फोटो मी भिंतीवर लावला नाही. तो ट्रंकेच्या तळाला आहे. श्रुतिका पाचवीत होती तेव्हा तिने विचारलं, सगळ्यांकडे हार घातलेला फोटो असतो, आपल्याकडे का नाही? मी सांगितलं, तुझा बाप पिऊन मेला. तेव्हापासून तिने त्याचं नाव काढलेलं नाही.

तर तू गाडी दुरुस्त कर, रंग दे, विक. नटबोल्टचं लिही, मी वाचीन. त्याचं लिहू नकोस.

काम करताना गळ्याला ओला रुमाल बांध, ऑपरेशनच्या भोकातून धूळ आत जाते. हे तुला डॉक्टरांनीही सांगितलंय, पण तू ऐकलंस तर दादा कसला.

तुझी
लता


डहाणू रोड
२२ फेब्रुवारी २०१८

लते,

रुमाल बांधतो. गल्लीतली पोरं मला दरोडेखोर म्हणतात.

नटबोल्टचं ऐक. टाकीचा गंज काढायला चिंचेचं पाणी आणि मूठभर बारीक खडी आत घातली, टाकी गोधडीत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन रोज सकाळी तासभर हलवत बसलो. शेजारच्या निलमताई कुंपणावरून म्हणाल्या, "काका, कोणाचं बाळ निजवताय?" मी पाटीवर लिहिलं, बहिणीचं. नंतर वाटलं, असं लिहायला नको होतं.

वापीला दोन फेऱ्या झाल्या. मागचा मडगार्ड मिळाला, तोही पोचा आलेला, पण पोचा ठोकून काढायला मजुरी लागत नाही, वेळ लागतो. वेळ माझ्याकडे रग्गड आहे. नविन मेकॅनिक संध्याकाळी दुकान बंद केलं की येतो. पैसे घेत नाही, गाडी बघायला येतो म्हणतो. किकचाच दांडा आत दाबून पुढे वळवला की त्याचा गिअर होतो, हे त्याने आजवर नुसतं ऐकलं होतं. मी करून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मला क्षणभर जुने दिवस आठवले. बाकी दिवस काही खरे नाहीत. सकाळी उठलो की प्रश्न पडतो, हे सगळं कोणासाठी करतोय?

इंजिन अजून जाम आहे. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि खोबरेल तेल सोडून ठेवलंय. रोज एकदा किकवर उभा राहतो, केसभरही हलत नाही. पुढच्या महिन्यात उघडू.

दादा


डहाणू रोड
२६ मार्च २०१८

लते,

तू सांगितलं होतंस त्याचं लिहू नकोस. आज लिहिणार आहे. शेवटपर्यंत वाच.

काल इंजिन उघडलं. सिलेंडर निघेना, नविनने लाकडी ठोकळा लावून तासभर ठोकलं. शेवटी पिस्टन बाहेर आला. मी गंजाची तयारी ठेवली होती. वरवर गंज होताही, पण त्याखाली पिस्टनच्या अंगावर वरून खाली खोल ओरखडे, आणि त्याचं अॅल्युमिनियम वितळून सिलेंडरच्या भिंतीला चिकटलेलं. नविनने बोट फिरवलं आणि म्हणाला, "जुओ काका, बघा, हा उभ्या गाडीत नाही धरला. चालत्या गाडीत धरलाय. आत ऑईल नव्हतंच."

तुला कळेल असं सांगतो. ही गाडी नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून घालावं लागतं, एका लिटरला चाळीस मिली. ते नसलं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलेंडरमध्ये अडकून बसतो. इंजिन थांबलं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. साठच्या वेगात चाक थांबलं तर सर्कशीतला माणूससुद्धा पडेल. त्या दिवशी टाकीच्या तळाला जुनं मिश्रण थोडं असेल, त्यावर जाताना निभावलं. येताना चैत्राचं ऊन, तापलेला रस्ता, तिथे धरलं.

ललित प्यायला नव्हता, लते.

ताडीच्या वासाचं म्हणशील, तर जत्रेतून तो दर वर्षी माझ्यासाठी एक बाटली आणायचा. ती फुटली असणार. हे मी तेव्हाच सांगितलं होतं, पोलिसांनी लिहून घेतलं नाही आणि तू ऐकून घेतलं नाहीस. आता इंजिनानेच साक्ष दिली आहे. इंजिन खोटं बोलत नाही.

बिनऑईलचं पेट्रोल कुठून आलं, ते आता कळायचं नाही. वाटेत कुठल्या तरी पंपावर घाईत भरलं असेल. ते राहू दे. तू ट्रंक उघड आणि त्याचा फोटो वर काढ. श्रुतिकेला सांग. मी काल सत्तावीस वर्षांनी त्याच्यासाठी रडलो. आवाज नसल्यामुळे नविनला कळलंही नाही.

दादा


तलासरी
१४ एप्रिल २०१८

दादा,

तुझं पत्र आल्यापासून पंधरा दिवस मी नीट जेवलेले नाही. आधी वाटलं, आनंदानेच घशाखाली उतरत नाही. नवरा दारूत मेला नाही हे ऐकून कोणाला बरं वाटणार नाही? फोटो काढला, पुसला, मांडीवर घेऊन बसले. आणि मग ती सकाळ आठवली.

पंपावर नाही भरलं, दादा. मी भरलं.

तो दाढी करत होता. म्हणाला, "लता, उशीर होतोय, टाकीत डबा ओत." तू रविवारी येताना डहाणूहून दोन डबे आणायचास. पंपावरच्या मिश्रणावर तुझा विश्वास नव्हता, माझ्या हातचंच मिश्रण गाडीला द्यायचं म्हणून तुझा हट्ट. लाल चिंधी बांधलेला डबा गाडीचा, बिनचिंधीचा तुझ्या सफाईचा, प्लग न् काय काय धुवायला. त्यात नुसतं पेट्रोल. मला एवढंच सांगितलेलं होतं, लाल चिंधीचा ओतायचा. ऑईल का लागतं, नसलं तर काय होतं, हे ना तू सांगितलंस ना त्याने.

मला लख्ख आठवतं की मी लाल चिंधीचाच डबा उचलला. गाठ एवढी घट्ट होती की नखाने सुटेना, मी दाताने सोडली. तोंडात पेट्रोलची चव आली म्हणून चूळ भरली. पण तू लिहितोस इंजिन खोटं बोलत नाही. मग माझी आठवणच खोटी. ती गाठ दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाची असणार. मी घाईत चुकीचा डबा ओतला. माणूस स्वतःला वाचवायला काय काय आठवतो.

मी त्याला मारलं. आणि वर सत्तावीस वर्षं त्यालाच शिव्या दिल्या. पोरीलाही द्यायला शिकवल्या.

जत्रा चालू आहे. हायवेवरून रोज बसेस भरून जातात. मी दार लावून बसते.

लता


डहाणू रोड
२ मे २०१८

लते,

तुझं पत्र मिळालं. मनाला लावून घेऊ नकोस. इतक्या वर्षांनी कोण काय सांगणार? नविन म्हणतो तेच खरं कशावरून? एखादं सील गेलं असेल, कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल, शंभर कारणं असतात. श्रुतिकेला इतक्यात काही सांगू नकोस.

पिस्टन वापीला मिळाला, सिलेंडर बोअर करून आणला. रंग काळाच देणार आहे, पूर्वीसारखा. टाकीच्या बाजूंना क्रोम परवडत नाही, तिथे चंदेरी रंग चालवून घेईन. डावा इंडिकेटर मिळत नाही.

जेवत जा.

दादा


तलासरी
९ डिसेंबर २०१८

दादा,

मे महिन्यापासून तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. निलमताईंना फोन केला, त्या म्हणाल्या, काका बरे आहेत, दिवसभर गाडीला रंग घासत बसतात. म्हणजे हात चालू आहे. मग मला चार ओळी का लिहीत नाहीस? मी काय समजायचं? तुझ्या मित्राला मारणाऱ्या बाईशी बोलायची इच्छा नाही, हेच ना? ते मी समजू शकते. पण तसं लिही.

श्रुतिकेला सांगितलं. तू नको म्हणालास, पण मला झेपेना. दिवाळीला आली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू मला बापाची लाज वाटायला शिकवलंस, आणि पेट्रोल तू ओतलं होतंस?" फराळाचं ताट तसंच ठेवून मुलाला उचललं आणि सुरतेची बस पकडली. तेव्हापासून फोन उचलत नाही.

इथे महिनाभर जमीन हलते आहे, तुमच्याकडेही हलतच असेल. पहिल्या धक्क्यात त्याचा फोटो भिंतीवरून पडला. काच फुटली. मी पुन्हा लावला, पण हार घालायला हात होत नाही. सगळी आळी अंगणात ताडपत्र्या बांधून झोपते. शेजारच्या शुक्राची सून बुधीबाई रोज बोलवायला येते. म्हणते, "बाई, भित फाटलीय ना तुमची, बाहेर या." मी जात नाही. त्याच फाटलेल्या भिंतीखाली, त्याच्या फोटोखाली अंथरूण घालते. पडली तर पडू दे. जीव द्यायचं धाडस नाही माझ्यात, पण भिंतीला अडवायचं तरी कशाला?

एकच विचारायचं आहे. खरंच मीच ना? तू मिश्रण करायचास, तुला डबे ठाऊक. एकदा लिही, हो, तूच. म्हणजे ती चिंधी रोज आठवायची तरी थांबेल.

लता


डहाणू रोड
४ फेब्रुवारी २०१९

लते,

आधी एक कर. पत्र खाली ठेव आणि अंथरूण अंगणात काढ. मग पुढे वाच.

शुक्रवारच्या धक्क्यात माझ्याकडची फडताळातली भांडी खाली आली. मी रस्त्यावर उभा होतो, आणि डोळ्यांपुढे तुझी ती भिंत होती. ती पडली असती तर तू हे न कळता गेली असतीस आणि मी सुटलो असतो. सुटलो असतो, हा विचार माझ्या मनात आला, लते. त्याची मला एवढी किळस आली की आज लिहितो आहे.

तू लाल चिंधीचाच डबा ओतलास. तुझी आठवण खरी आहे.

त्या शनिवारी इथे दुकानात ऑईल संपलं होतं. मी नुसतंच पेट्रोल घेतलं. दोन्ही डबे भरले आणि सवयीने एकाला चिंधी बांधली. म्हटलं, उद्या तलासरीला गेल्यावर हायवेवरून ऑईल आणून मिसळू. रविवारी आलो, तू वालाची उसळ केली होतीस. जेवलो, झोपलो आणि पाचच्या बसने परत आलो. ऑईल राहिलं ते राहिलंच, आणि सांगायचंही राहिलं. मंगळवारी तो गेला.

रेल्वेत छत्तीस वर्षं एकच नियम पाळला. रूळ नीट लागल्याशिवाय सिग्नल पाडायचा नाही, गाडीला वाट द्यायची नाही. नोकरीत एकदाही चुकलो नाही. घरच्या डब्याला मात्र मी सिग्नल आधी पाडला.

विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस, हे मी साफ विसरलो होतो. नाहीतर त्या गाडीला हात लावला असता का? तुझ्या एप्रिलच्या पत्रात "दाताने सोडली" इथपर्यंत आलो आणि सगळं वर आलं. तशी गाठ मीच मारायचो, तारेची दुहेरी. कोणाच्याही नखाने सुटायची नाही. त्या दिवशी खरं लिहायला बसलो, चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. शेवटी ते मे महिन्यातलं पुळचट पत्र पाठवलं. मला वाटलं, मी सांगितलं तर तू जाशील, आणि माझ्याशी बोलणारी तू एकटीच उरली आहेस. तू मला सोडून जाशील म्हणून मी तुला जाळत ठेवलं.

गाडी महिन्यापूर्वी चालू झाली. तिसऱ्या किकला. आवाज अगदी तोच आहे. ऐकवेना, बंद केली. ती श्रुतिकेला दे. तिला हे पत्र दाखव.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

प्रल्हाद


तलासरी
१७ फेब्रुवारी २०१९

दादा,

तुझं पत्र श्रुतिकेला फोनवर वाचून दाखवायचं होतं, तिने उचलला नाही. म्हणून सुरतेला जाऊन हातात दिलं. तिने दारातच उभं राहून वाचलं आणि माझी पिशवी आत घेतली.

डब्याचं मी काही बोलणार नाही. चूक माणसाकडून होते, माझ्याकडूनही झाली असती. त्या आठवड्यात येऊन सांगितलं असतंस तर मी तुझ्या छातीवर बुक्क्या मारल्या असत्या, आणि तेराव्याला तुला जेवायला वाढलंही असतं. विसरलास, तेही मी मान्य करते.

पण एप्रिलमध्ये तुला आठवलं. तिथून हे दहा महिने विसरण्याचे नाहीत. मी भिंतीखाली झोपत होते आणि तू गाडीला रंग देत होतास. भिंत फाटली आहे हे कळवल्यावरही तुला आठ आठवडे लागले. ललितला तू चुकून मारलंस. मला मारत होतास ते समजून उमजून, कारण तुला पत्रं हवी होती. ह्या वागण्याला माझ्याकडे शब्द नाही, आणि मी सदतीस वर्षं पोरांना शब्दच शिकवत होते.

फोटोला हार घातला. आता अंगणात झोपते. बुधीबाईने जागा करून दिली आहे.

रविवारी श्रुतिका जानीचा टेम्पो घेऊन येईल. बापाचं सगळं विचारील, तो हसायचा कसा, गाडी कशी चालवायचा. ते मला सांगता येणार नाही, मी ते सत्तावीस वर्षांत पुसून टाकलं. तुझ्याकडे आहे. पाटी घेऊन बस आणि तिचं संपेपर्यंत लिही. रडलास तरी लिहीत राहा.

यानंतर मला पत्र पाठवू नकोस. आलं तर न उघडता परत करीन.

गाडीबरोबर पेट्रोलचा डबा देऊ नकोस. टाकीही रिकामी करून दे.

लतिका